रडारचे बँड: कोणता कशासाठी, आणि का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की ओळखीतली माणसं मला रडारच्या चित्रांचे स्क्रीनशॉट पाठवायला लागतात. "हा लाल ठिपका आमच्याकडे येणार का?" इथून सुरुवात होते आणि गाडी लवकरच "हे एस बँड, सी बँड काय प्रकरण आहे?" इथे येते. गेल्या काही पावसाळ्यांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. हवामान हा माझा जिव्हाळ्याचा विषय, म्हणून पावसाला जागा जास्त मिळाली आहे. पण विमान, जहाज, गाडी, उपग्रह यांचंही सांगितलं आहे, कारण भौतिकशास्त्र सगळीकडे एकच आहे.

बँड म्हणजे नक्की काय?

रडार रेडिओलहरी सोडतं आणि समोरच्या वस्तूवर आपटून परत आलेल्या लहरी ऐकतं. त्या लहरी सेकंदाला किती वेळा कंप पावतात ती त्यांची वारंवारता. शेजारशेजारच्या वारंवारतांचा एक पट्टा आखून त्याला नाव दिलं की झाला बँड.

खरं तर वारंवारतेपेक्षा तरंगलांबी, म्हणजे एका लहरीची लांबी, डोळ्यांसमोर ठेवावी, सगळं सोपं होतं. हिशोब तोंडी जमतो: ३० ला गिगाहर्ट्झने (एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला अब्ज कंप, मेगाहर्ट्झ म्हणजे दहा लाख) भागा, उत्तर सेंटिमीटरमध्ये येतं. ३ गिगाहर्ट्झ म्हणजे १० सेंटिमीटर, १० गिगाहर्ट्झ म्हणजे ३ सेंटिमीटर. शाळेतली पट्टी समोर घ्या. एल बँडची लहर पट्टीच्या जवळपास टोकापर्यंत जाते, एस बँडची १० च्या खुणेपाशी, सी बँडची ५ पाशी, एक्स बँडची ३ पाशी थांबते. गाडीच्या बंपरमागच्या रडारची लहर पहिल्या सेंटिमीटरच्या अर्ध्यातसुद्धा मावते.

ही अक्षरं अशी उलटसुलट का? ए, बी, सी, डी का नाही?

कारण ती शत्रूला कळू नयेत म्हणूनच ठेवली होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि अमेरिकेत या नावांचा जन्म झाला. एल म्हणजे लाँग, लांब लहरी. एस म्हणजे शॉर्ट. या दोघांपेक्षाही आखूड लहरी वापरणारा एक्स बँड युद्धात गुपित होता, म्हणून एक्स, असं सांगतात. नंतर एस आणि एक्स यांच्यामध्ये तडजोड म्हणून आला तो सी, म्हणजे कॉम्प्रमाइज. के हे अक्षर 'आखूड' या अर्थाच्या 'कुर्झ' या जर्मन शब्दावरून आलं.

के बँडची गोष्ट मला फार आवडते. युद्धाच्या शेवटी सव्वा सेंटिमीटरच्या लहरींवर रडार बनवली गेली. आखूड लहर म्हणजे छोटी अँटेना आणि जास्त बारकावा. पण हवेतली पाण्याची वाफ २२.२ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी शोषून घेते आणि ही रडारं नेमकी त्या खड्ड्याच्या काठावर उभी होती. दमट हवेत त्यांचा पल्ला घटायचा. मग के बँडचे तुकडे पाडले गेले: खालचा केयू, म्हणजे 'अंडर', आणि वरचा केए, म्हणजे 'अबव्ह'. आज लांबचं पाहायचं असेल तर या दोन बाजूच्या तुकड्यांवरच काम चालतं, मधला के टाळला जातो.

पुढे १९७६ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने ही अक्षरं प्रमाण म्हणून छापली. नाटोची अक्षरं वेगळी आहेत, त्यामुळे एखाद्या लष्करी माहितीपत्रकात 'आय बँड' किंवा 'जे बँड' दिसला तर गोंधळू नका. गिगाहर्ट्झचा आकडा बघा, तो खरा.

सगळे बँड एकदा एका ओळीत सांगाल का?

एका ओळीत मावणार नाहीत, पण थोडक्यात सांगतो.

एचएफ, ३ ते ३० मेगाहर्ट्झ: लहरी दहा ते शंभर मीटर लांब. आकाशातल्या आयनांच्या थरावर आपटून क्षितिजापलीकडे जातात, म्हणून हजारो किलोमीटरवर नजर ठेवणारी रडारं इथे असतात. ऑस्ट्रेलियाचं जिंदाली हे त्यांतलंच. समुद्राचे प्रवाह मोजणारी किनाऱ्यावरची रडारंही याच बँडमध्ये किंवा याच्या जरा वर चालतात.

व्हीएचएफ आणि यूएचएफ, ३० मेगाहर्ट्झ ते १ गिगाहर्ट्झ: लांब पल्ल्याची टेहळणी, आणि ढग नसतानाही नुसत्या हवेतले वारे मोजणं. तिरुपतीजवळ गादंकीचं मोठं रडार ५३ मेगाहर्ट्झवर चालतं. पुण्यात पाषाणला ४०४ मेगाहर्ट्झचं वारे मोजणारं रडार उभारलं गेलं, ते मुंबईच्या पवईतल्या समीर संस्थेने बनवलेलं.

एल, १ ते २ गिगाहर्ट्झ: दूरच्या हवाई मार्गांवरची विमानं, क्षेपणास्त्रांची टेहळणी, जंगलातून आरपार पाहणारे उपग्रह.

एस, २ ते ४: मोठी हवामान रडारं, विमानतळं, युद्धनौका, मोठी जहाजं.

सी, ४ ते ८: मध्यम पल्ल्याची हवामान रडारं, उपग्रह, तोफगोळा कुठून आला ते शोधणारी लष्करी रडारं. आपल्या सैन्याचं 'स्वाती' याच बँडचं.

एक्स, ८ ते १२: जहाजं, लढाऊ विमानांची नाकं, छोटी हवामान रडारं. 'तेजस'साठी बनवलेलं 'उत्तम' रडारही एक्स बँडचंच.

केयू, के, केए, म्हणजे १२ ते ४०: उपग्रहातून पाऊस आणि समुद्राची उंची मोजणं, पोलिसांच्या स्पीड गन. फ्रान्स आणि इस्रोचा २०१३ सालचा 'सरल' उपग्रह केए बँडमधून समुद्राची पातळी मोजण्यासाठीच गेला.

डब्ल्यू, ७५ ते ११०: गाड्यांमधली रडारं आणि पातळ ढगांतले बारीक थेंब पाहणारी ढग-रडारं.

एकच चांगला बँड निवडून सगळीकडे का वापरत नाहीत?

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. याचं उत्तर गच्चीवर उभं राहून मिळतं.

केबलवाल्याच्या गच्चीवर जाळीची थोरली डिश बघितली असेल. ती सी बँडची. आणि आपल्या खिडकीबाहेर डीटीएचची परातीएवढी डिश असते, ती केयू बँडची. लहर आखूड झाली की डिश छोटी चालते. पण आषाढात धो धो कोसळायला लागलं की चित्र कोणाचं जातं? डीटीएचचं. केबलवाल्याची थोरली डिश त्याच पावसात तग धरून असते. आखूड लहरींना पावसाचे थेंब अडवतात आणि शोषतात, लांब लहरी त्यांना ओलांडून जातात. रडारच्या जगातला अर्धा संघर्ष या दोन डिशांमध्ये आहे.

उरलेला अर्धा झोताच्या रुंदीचा. एक अंश रुंदीचा झोत हवा असेल तर एस बँडला सुमारे साडेआठ मीटर व्यासाची डिश लागते, सी बँडला चार मीटरच्या वर, एक्स बँडला अडीच मीटरच्या आत भागतं. साडेआठ मीटर म्हणजे जवळपास तीन मजली इमारतीची उंची, आणि ती गरगर फिरवायची! तिला मनोरा, घुमट, मोटारी, पाया लागतो. अडीच मीटरची डिश ट्रकवर चढते. लढाऊ विमानाच्या नाकात तर मीटरभरही जागा नसते, म्हणून तिथे एक्स बँडच.

शिवाय थेंबांचं गणित आहे. लहरीपेक्षा खूप लहान असलेल्या थेंबाकडून परत येणारा सिग्नल तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे १० सेंटिमीटरऐवजी ५ सेंटिमीटर घेतली तर तोच थेंब सोळापट उजळ दिसतो. म्हणून ढगातले बारीक थेंब पाहायला मिलिमीटरच्या लहरी लागतात आणि वादळाच्या पोटात खोल शिरायला एस बँड. दोन्ही एका यंत्रात मागू नयेत.

मुंबईत दोन हवामान रडारं आहेत म्हणे. एक पुरत नाही?

कुलाब्याचं रडार एस बँडचं आहे. अंधेरी-जोगेश्वरीच्या वेरावली टेकडीवरचं सी बँडचं, ते जानेवारी २०२२ पासून सुरू झालं. दोन का, हे समजायला रडारची एक अडचण कळली पाहिजे: त्याला स्वतःच्या डोक्यावरचं दिसत नाही. हवामान रडार सहसा क्षितिजापासून वीसेक अंशांपर्यंतच मान वर करतं. त्याच्या वर शंकूच्या आकाराचा आंधळा भाग राहतो. वीस अंशांचा हिशोब केला तर दहा किलोमीटर उंचीचा ढगाचा माथा रडारपासून सत्तावीसेक किलोमीटरच्या आत आला की दिसेनासा होतो. कुलाबा ते वेरावली हे अंतर सरळ रेषेत तेवढंच, पंचवीसेक किलोमीटर. एकाच्या डोक्यावरचं दुसऱ्याला दिसतं.

त्यात एस बँड लांबचं आणि मुसळधार पावसाच्या पलीकडचं दाखवतो, चक्रीवादळासाठी तोच हवा. सी बँड शहराजवळच्या सरींसाठी चांगला, पण मध्ये जोरदार पावसाची भिंत आली की पलीकडचा पाऊस प्रत्यक्षापेक्षा फिका दिसतो. तसं चित्र दिसलं तर "तिकडे पाऊस कमी आहे" असं लगेच मानू नका.

मला या विषयाची तळमळ का वाटते तेही सांगतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७५ च्याही आत. वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये एवढा फरक! तो फरक घडत असताना पाहू शकणारं डॉप्लर रडार, म्हणजे थेंबांचा वेगही मोजणारं रडार, तेव्हा मुंबईत नव्हतं. देशातलं पहिलं चेन्नईला २००२ मध्ये आलं होतं. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा मात्र मुंबई आणि गोवा, दोन्हीकडची रडारं त्याच्यावर डोळा ठेवून होती. या दोन प्रसंगांतला फरक मी कधी विसरत नाही.

रडारवर काहीच दिसत नव्हतं आणि आमच्याकडे तास झाला कोसळतोय. हे कसं?

हा प्रश्न मला मराठवाड्यातून आणि घाटमाथ्यावरून सर्वांत जास्त येतो. उत्तर बँडमध्ये कमी आणि पृथ्वीच्या गोलाईत जास्त आहे.

रडारचा झोत जवळजवळ सरळ जातो, जमीन मात्र खाली वळत जाते. अर्धा अंश वर धरलेला झोत दोनशे पंचवीस किलोमीटरवर जाईपर्यंत जमिनीपासून पाच किलोमीटर उंच गेलेला असतो. हैदराबादच्या रडारपासून लातूर आणि नांदेड दोन्ही साधारण तेवढ्याच अंतरावर आहेत. म्हणजे तिथल्या ढगाचा पाच किलोमीटरच्या खालचा भाग, जिथून आपल्या अंगावर पाऊस पडतो, त्या झोताला दिसत नाही. उंच वाढलेला गडगडाटी ढग दिसेल, बुटक्या ढगाची झड दिसणार नाही. शिवाय एक अंशाचा झोत शंभर किलोमीटरवर पावणेदोन किलोमीटर रुंद झालेला असतो. तेवढ्या जागेची सरासरी एका ठिपक्यात येते.

कोकणातून देशावर बघताना आणखी एक अडचण येते: सह्याद्री. खालचे झोत डोंगरावर आपटतात. आणि पावसाळ्यात घाटमाथ्यावर कोसळणारे कितीतरी ढग फारसे उंच नसतातच. ते डोंगराला टेकून पाऊस देतात. या ढगांचा अभ्यास करायला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने साताऱ्यातल्या मांढरदेवच्या डोंगरावर एक्स बँड आणि केए बँडची रडारं चालवली, ती याचसाठी. ढग जिथे आहे तिथेच जाऊन बघावं लागतं.

मला विचाराल तर मोठ्या एस बँड रडारांच्या मधल्या पोकळ्या छोट्या एक्स बँड रडारांनी भरणं हाच यावरचा खरा उपाय. एकेकाचा पल्ला शंभर किलोमीटरच्या आतबाहेर असला तरी चालतो, झोत जमिनीजवळ राहतो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला गारपिटीच्या आधीचा अर्धा तास मिळाला तर तो काढून ठेवलेला हरभरा झाकू शकतो.

पण एक्स बँडला पाऊस अडवतो असं तुम्हीच म्हणालात ना?

हो. आणि त्यावर तोडगाही सापडला आहे. मोठे थेंब गोल नसतात. पडताना हवेच्या रेट्याने ते थालीपिठासाठी थापायला घेतलेल्या गोळ्यासारखे खालून चपटे होतात. त्यामुळे आडवी लहर त्यांच्यातून जाताना उभ्या लहरीपेक्षा किंचित मागे पडते. दोन्ही लहरी सोडून हा मागे पडण्याचा फरक मोजला की वाटेत किती पाणी आहे ते कळतं आणि खचलेला सिग्नल हिशोबाने दुरुस्त करता येतो. याला दुहेरी ध्रुवीकरण म्हणतात. अगदी सिग्नल संपलाच तर मात्र इलाज नाही.

डॉप्लर हा वेगळा बँड आहे का?

नाही. डॉप्लर ही वेग मोजायची रीत आहे, ती कुठल्याही बँडवर चालते. थेंब जवळ येत असतील तर परतीच्या लहरीची वारंवारता किंचित वाढते, दूर जात असतील तर घटते.

पण बँडचा तिथेही संबंध येतो. रडार जितकं लांबचं बघेल तितके त्याला मोजता येणारे वेग कमी होतात, आणि लहर आखूड असेल तर आणखीच कमी. दीडशे किलोमीटरपर्यंत बघायचं ठरवलं तर १० सेंटिमीटरच्या लहरीला ताशी ९० किलोमीटरपर्यंतचा वारा थेट मोजता येतो, ३ सेंटिमीटरच्या लहरीला फक्त ताशी २७. त्यापुढचे वेग युक्त्या करून सोडवावे लागतात. चक्रीवादळासाठी किनाऱ्यावर एस बँड का, याचं हे दुसरं कारण.

विमानतळावर कोणता बँड असतो?

एकाहून जास्त. विमानतळाभोवतीचं रडार एस बँडचं, २.७ ते २.९ गिगाहर्ट्झ. दूरच्या हवाई मार्गांसाठी एल बँड. याशिवाय दुय्यम रडार असतं, ते नुसतं आपटून आलेला सिग्नल बघत नाही, विमानाला विचारतं: १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न जातो, १०९० वर विमानातलं यंत्र स्वतःचा सांकेतिक क्रमांक आणि उंची कळवतं. मोबाइलवर विमानं दाखवणारी ॲप याच १०९० वरच्या संदेशांवर चालतात. विमानाच्या नाकात मात्र एक्स बँडचं हवामान रडार असतं. पुण्याच्या विमानात बसल्यावर वैमानिक वळसा घालून ढग टाळतो तो त्याच्या भरवशावर.

जहाजांवर दोन दोन रडारं का फिरत असतात?

३००० ग्रॉस टनेजच्या वरच्या जहाजाला दोन रडारं, सहसा एक एक्स आणि एक एस बँडचं, बाळगावी लागतात, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. स्वच्छ हवेत ३ सेंटिमीटरचं एक्स बँड बारकाईने दाखवतं: बोया, होडी, बंदराचा धक्का. पाऊस आणि उसळता समुद्र असेल तर पडदा पांढऱ्या ठिपक्यांनी भरतो, मग खलाशी १० सेंटिमीटरच्या एस बँडकडे वळतो.

आपल्या मच्छिमार बांधवांना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. लाकडाची किंवा फायबरची होडी रडारला फार फिकी दिसते. रात्री जहाजांच्या वाटेवर जाळं टाकून बसलात आणि समोरच्याने तुम्हाला पाहिलंच असेल असं धरून चाललात तर ते जिवावर बेतू शकतं. पत्र्याचे तीन तुकडे एकमेकांना काटकोनात जोडून केलेला परावर्तक डोलकाठीवर उंच बांधला की लहर आली त्याच दिशेला परत जाते आणि छोटी होडी मोठी दिसते. खर्च अगदी थोडा.

दुसरं, जहाजांवर 'सार्ट' नावाचं जीवरक्षक यंत्र असतं. शोधणाऱ्या जहाजाच्या रडारची लहर त्याच्यावर पडली की ते उत्तर देतं आणि त्या जहाजाच्या पडद्यावर बारा ठिपक्यांची रांग उमटते. हे रडारचं यंत्र फक्त ९ गिगाहर्ट्झलाच, म्हणजे एक्स बँडलाच ओळखतं. शोधणाऱ्याने एस बँड लावून ठेवला तर ठिपके दिसणारच नाहीत. माणूस वाचणं इथे बँडवर अवलंबून आहे.

पोलिसांची स्पीड गन कोणत्या बँडची? आणि क्रिकेटमधली?

दोन्हींचं तत्त्व एक. रडारची स्पीड गन बहुधा के बँडमध्ये २४.१५ गिगाहर्ट्झवर किंवा केए बँडमध्ये असते. २४.१५ वर ताशी १ किलोमीटर वेगाला वारंवारतेत सुमारे ४५ हर्ट्झचा फरक पडतो. ताशी १०० ने येणाऱ्या गाडीचा फरक साडेचार हजार हर्ट्झ. तो स्पीकरला जोडला तर शिट्टीसारखा ऐकूही येईल.

"गन तिरकी धरली म्हणून जास्त वेग दाखवला" ही तक्रार सारखी येते. तिरकी धरली तर वेग कमी दिसतो, जास्त नाही. वीस अंश तिरक्या गनला १०० चा वेग ९४ दिसतो. काही ठिकाणी लेझरच्या गनही असतात, त्यांचा रेडिओ बँडशी संबंध नाही. वेग मोजणाऱ्या रडार यंत्रांची तपासणी आणि मोहोर सक्तीची करणारे वैधमापनाचे नियम केंद्राने २०२५ मध्ये आणले, ही चांगली गोष्ट झाली.

नवीन गाडीत पुढे रडार आहे. ते कसलं?

७६ ते ८१ गिगाहर्ट्झचं, लहर चार मिलिमीटरच्या आतबाहेर. आधीच्या गाड्यांत २४ गिगाहर्ट्झ असायचं. बदल का झाला? दोन वस्तू वेगळ्या दिसण्यासाठी त्यांच्यात किती अंतर हवं, ते वापरायला मिळणाऱ्या पट्ट्याच्या रुंदीवर ठरतं. २४ वर अरुंद पट्टा मिळतो, त्यातून साठेक सेंटिमीटरचा बारकावा येतो. ७७ ते ८१ वर चार गिगाहर्ट्झ रुंद पट्टा आहे, बारकावा चार सेंटिमीटरवर येतो. ट्रकच्या मागून चाललेला सायकलवाला ट्रकपासून वेगळा दिसायला हे लागतं. बंपरवर त्या जागी धातूची जाळी, स्टिकर किंवा चिखलाचा थर राहू देऊ नका. एवढी आखूड लहर तेवढ्यानेही अडते.

उपग्रहातून ढगांच्या आरपार खरंच दिसतं?

दिसतं, आणि आपल्यासारख्या चार महिने ढगाखाली असणाऱ्या मुलुखाला त्याचं मोल फार आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं तेव्हा साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला नुसते पांढरे ढग दिसत होते. रडारच्या उपग्रहांना पूर दिसतो. साचलेलं पाणी आरशासारखं लहर पुढे उडवून लावतं, परत काही येत नाही, म्हणून ते काळं दिसतं. आजूबाजूचं शिवार करडं.

बँड बदलला की त्याच शेतात वेगळं दिसतं. ३ सेंटिमीटरची एक्स लहर उसाच्या शेंड्याच्या पात्यांवरूनच परतते. ५-६ सेंटिमीटरची सी लहर पानांच्या थरात शिरते. आपला ईओएस-०४ आणि युरोपचे सेंटिनेल-१ उपग्रह हिच्यावर चालतात, आणि सेंटिनेलची चित्रं कुणालाही फुकट मिळतात. २४ सेंटिमीटरची एल लहर पानं ओलांडून खोडापर्यंत, विरळ पीक असेल तर मातीपर्यंत पोचते.

३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार उपग्रहावर म्हणूनच दोन बँड आहेत: नासाचा एल आणि इस्रोचा एस. बारा मीटरची जाळीची अँटेना घेऊन तो दर बारा दिवसांनी त्याच जागेवर येतो. दोन फेऱ्यांमधल्या लहरींची तुलना करून जमीन सेंटिमीटरभर खचली तरी कळते.

स्टेल्थ विमान रडारला दिसतच नाही का?

स्टेल्थ म्हणजे रडारपासून लपण्यासाठी बनवलेलं विमान. पण कोणत्या बँडच्या रडारला, हे विचारलं पाहिजे. त्याचा आकार आणि लेप मुख्यतः एक्स बँडसारख्या आखूड लहरींना चकवायला केलेले असतात. लहर दोन मीटरची असली की शेपटीसारखे भाग लहरीच्या मापाचे होतात आणि विमान पुन्हा दिसू लागतं. २७ मार्च १९९९ ला सर्बियात अमेरिकेचं एफ-११७ पाडलं गेलं, त्यात व्हीएचएफ बँडच्या जुन्या पी-१८ रडारचा वाटा होता. मात्र लांब लहरीला नेमकी जागा सांगता येत नाही, नेम धरायला शेवटी आखूड लहरच लागते.

जमिनीखालची पाइपलाइन किंवा पाणी रडारने सापडेल का?

पाइप, केबल, पोकळी सापडतात, काही मीटर खोलीपर्यंत. त्यासाठी १०० मेगाहर्ट्झ ते अडीच गिगाहर्ट्झपर्यंतची रडारं गवत कापायच्या यंत्रासारखी ढकलत नेतात. कमी वारंवारता खोल जाते, जास्त वारंवारता बारीक दाखवते. पण आपल्या काळ्या मातीत ही पद्धत लंगडी पडते. ओली चिकणमाती लहरी गिळून टाकते. कोरडी वाळू किंवा कातळ असेल तर निकाल कितीतरी चांगला येतो. विहिरीला हमखास पाणी दाखवतो म्हणणाऱ्याला आधी माती कोणती ते विचारा.

खोडदचं जीएमआरटी रडार आहे का?

नाही, ती रेडिओ दुर्बीण आहे. नारायणगावजवळच्या तिच्या ३० डिश काही सोडत नाहीत, फक्त आकाशातून येणारं ऐकतात. म्हणूनच आसपासच्या रेडिओगोंगाटाचा तिला त्रास होतो.

घरच्या वाय-फायचा आणि रडारचा काय संबंध?

५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय सी बँडमध्ये येतं आणि ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास हवामान रडारंही असतात. म्हणून त्या चॅनेलवर जाण्याआधी राउटरने किमान मिनिटभर ऐकायचं आणि रडारची चाहूल लागली तर जागा सोडायची, असा नियम आहे. राउटर चालू केल्यावर ५ गिगाहर्ट्झचं नाव कधी कधी उशिरा दिसतं ते यामुळे. नियम मोडणारी उपकरणं रडारच्या चित्रात केंद्रापासून बाहेर जाणारी सरळ रेघ उमटवतात. असा पाऊस नसतो.

रडारजवळ राहणं धोक्याचं आहे का?

या लहरी क्ष-किरणांसारख्या पेशींतले रेणू तोडत नाहीत, फार जवळून आणि फार तीव्र असतील तर ऊब देतात. फिरत्या डिशसमोर उभं राहू नये, हे खरंच. पण झोत क्षितिजाच्या वरून जातो आणि सतत फिरत असतो. शिवाय समजा ७५० किलोवॅटची पल्स, म्हणजे लहरींचा एक झटका, आहे, ती एक मायक्रोसेकंदच टिकते आणि सेकंदाला हजार वेळा येते, तर सरासरी निघते ७५० वॅट. स्वयंपाकघरातल्या मिक्सरवर हाच आकडा लिहिलेला असतो.

मोबाइलवर रडारचं चित्र नेमकं कसं वाचायचं?

हवामान विभागाच्या संकेतस्थळावर मुंबई, गोवा, नागपूर अशी केंद्रं निवडता येतात. एकच चित्र बघून निर्णय घेऊ नका. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराची तीन चित्रं घ्या आणि ठिपका कुठून कुठे सरकला ते बोटाने मोजा. रंगांची पट्टी डीबीझेड या, परतलेला सिग्नल किती जोरदार ते सांगणाऱ्या मापात असते: वीसच्या आसपास भुरभुर, चाळीसच्या वर जोर, पंचावन्नच्या वर गारांची शंका धरावी. तुमचं गाव केंद्रापासून किती लांब आहे ते वर्तुळांवरून बघा, कारण लांबच्या ठिपक्याची उंची वेगळी असते, हे वर आलंच आहे. आणि सगळ्यात आधी चित्रावरची वेळ वाचा. ती यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असेल तर साडेपाच तास मिळवा. पुष्कळदा लोक मला जो लाल ठिपका पाठवतात, तो केव्हाच पडून गेलेला असतो.